एमजी टीसी

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील एमजी कारखान्यात तयार झालेली दोन आसनांची उघडी मोटार. उत्पादनकाळ १९४५–४९; एकूण सुमारे १०,००० गाड्या. रचना जवळजवळ सगळी युद्धपूर्व काळातली : ॲश लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा, पुढे-मागे सलग आस, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि १,२५० घ. सेंमी. क्षमतेचे चार सिलिंडरचे, सुमारे ५४ अश्वशक्तीचे इंजिन. सुमारे २,००० गाड्या अमेरिकेत गेल्या, त्याही उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह. १९६१ चा जगज्जेता फिल हिल सुरुवातीच्या शर्यतींत टीसीच चालवत असे.

गाडीचे रूप आणि स्वभाव दोन्ही तिच्या उंच, अरुंद चाकांत आहेत. तारांच्या आऱ्यांची ही चाके १९ इंच व्यासाची असून रिम अवघी अडीच इंच रुंद असते. मूळ टायर ४.५०-१९ मापाचा, क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे) बांधणीचा. या मापापासून फार दूर जाऊ नये. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या बाजू फुगतात, वळणावर तो डोलतो आणि मुळातच भरकटणारे स्टिअरिंग जड होते. शर्यतीसाठी काहींनी १६ इंची चाके बसवली. त्यांत टायरचा बाहेरचा व्यास घटतो. मागच्या आसाचे गुणोत्तर ५.१२५ असल्याने आधीच जास्त फिरणारे इंजिन त्याच वेगाला आणखी फिरते आणि स्पीडोमीटर खरा वेग फुगवून दाखवतो.

रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे) बांधणीच्या टायरची पकड चांगली, पण तिचा ताण आरे, हब आणि मागच्या आसाच्या दांड्यांवर येतो. हे भाग क्रॉसप्लायच्या पकडीचा हिशेब धरून बनवलेले आहेत. रस्त्यावर हौसेने चालणाऱ्या टीसीला मूळ मापाचा नवा क्रॉसप्लायच योग्य. एकाच आसावर दोन बांधणींचे टायर कधीही लावू नयेत. पुढे रेडियल व मागे क्रॉसप्लाय ही जोडी तर घातकच : मागच्या चाकांची पकड आधी सुटते. ब्रिटनमध्ये ती कायद्यानेही निषिद्ध आहे.

आऱ्यांची टोके रिममधून आत येत असल्याने ट्यूब अनिवार्य. टोके ट्यूबला टोचू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टी घालतात. जुनी पट्टी सरकलेली वा फाटलेली असेल, तर नवा टायरही पंक्चर होतो.

या गाड्या आता फार कमी धावतात. टायरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होऊन बाजूला बारीक चिरा पडतात. म्हणून झीज पाहण्याआधी वय पाहावे. २००० पासून बहुतेक टायरांवर चार आकडी खूण असते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मागच्या पेट्रोल टाकीवर उघड्यावर टांगलेल्या जादा चाकाचा टायर न वापरताही जुना होतो. चार टायर बदलताना तोही बदलावा.