जुनी जीप घरी तयार करायचीय? आधी आरसी, मग चासी, रंग सगळ्यात शेवटी

नवी थार नाशिकच्या कारखान्यात बनते, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. तिच्या आधीच्या पिढ्या मात्र घरामागे, विहिरीजवळ, शेडखाली ताडपत्री पांघरून उभ्या असतात: सीजे 3 बी, एमएम 540, मेजर, क्लासिक. नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे किंवा पुढे सिन्नरच्या बाजूला गेलात तर अशी एखादी दिसतेच. मग रील्स बघून कुणीतरी ठरवतं, की ही आपण घरीच तयार करायची. मोठे टायर, छतावर एलईडी बार, पुढे विंच, वर मॅट हिरवा रंग.

घरी करता येतं. या गाड्यांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. पान्ह्यांचा संच, मल्टिमीटर, चांगला जॅक आणि धीर एवढ्यावर बरंच काम होतं. पण बहुतेक लोक कामाचा क्रम उलटा लावतात. रंग आणि टायर आधी, ब्रेक नंतर आणि कागद सगळ्यात शेवटी. कागदांपाशी गाडं अडतं, तोवर पैसे संपलेले असतात.

स्टॉक रॉम की कस्टम रॉम?

रिस्टोअर करणं म्हणजे फोनवर कंपनीचीच मूळ रॉम परत टाकणं. कस्टमाइझ करणं म्हणजे आपल्या आवडीची रॉम टाकणं. फोनमध्ये चुकलं तर बूटलूप होतो, पुन्हा फ्लॅश करता येतं. जीपचा आयएमईआय म्हणजे चासी नंबर, आणि तो कापला, घासला किंवा दुसऱ्या चासीवर चढवला, तर परत फ्लॅश करायची सोय नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीत नोंदलेला तपशील आणि कंपनीने ठरवलेली मूळ रचना यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड अशी तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा.

झिजलेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसवणं ही दुरुस्ती आहे, तिला हरकत नाही. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची आधी परवानगी लागते. गाडीचा रंग आरसीत नोंदलेला असतो, त्यामुळे वेगळा रंग दिला तर तीही नोंद बदलून घ्यावी लागते. आणि तो मिलिटरी हिरवा? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. लष्कराच्या लिलावातून घेतलेली जीप असली तरी ती आता तुमची आहे, लष्कराची नाही. पुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

विकत घेण्याआधी फोन बाहेर काढा

एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. आरसी चालू आहे का, गाडी कोणत्या वर्गात नोंदली आहे, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. नंबर ऑनलाइन सापडलाच नाही, तर जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नाही असं असू शकतं. अशा वेळी ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे जाऊन ती चढवून घ्यावी लागते, आणि हे काम विकणाऱ्याने करावं, तुम्ही नाही. काळी-पिवळी म्हणून चाललेली जीप असेल तर ती प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असते. खासगीत बदलून घेणं ही वेगळी प्रक्रिया आहे.

मग गाडीजवळ जा. चासीवर ठोकलेला नंबर वायर ब्रशने साफ करा आणि त्याचा आरसीशी एकेक अक्षर जुळवून फोटो काढा. नंबराच्या आजूबाजूला वेल्डिंगची नवी रेघ किंवा घासल्याची चमक दिसली तर तिथूनच परत फिरा. हरियाणातल्या मंडी डबवालीच्या बाजाराचं नाव जीपवेड्यांत मोठं आहे आणि तिथल्या कारागिरांचा हात खरंच चांगला आहे. पण नवी बॉडी, एका गाडीची चासी आणि दुसऱ्याच गाडीची आरसी असा सौदा कुठेही झाला तरी कायद्याच्या नजरेत ती जीप नव्हे, चालतं लोखंड आहे.

पत्रा बघायला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. चासीला छोट्या हातोडीने ठोकत जा: निरोगी लोखंड खणखणतं, गंजलेलं ठस्स वाजतं. पाटे चासीला जिथे जोडले जातात ती ब्रॅकेट्स, मागचा आडवा सदस्य आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, या तीन जागा आधी बघा. नाशिकची हवा कोकणापेक्षा कोरडी असल्याने इथल्या गाड्या तुलनेने बऱ्या निघतात. पण वर्षानुवर्षं गवतात उभी असलेली गाडी खालून सडतेच.

इंजिन: कोणतं आहे ते आधी ओळखा

सीजे 3 बी चं बोनेट इतकं उंच का, हा प्रश्न पडला असेल. आत विलीजचं हरिकेन इंजिन आहे, 2199 सीसीचं पेट्रोल. त्यात हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असतो. या रचनेमुळे इंजिनची उंची वाढली आणि बोनेट वर उचलावं लागलं.

एमएम 540 मध्ये बहुधा प्यूजोचं एक्सडीपी 4.90 डिझेल सापडतं. 4.90 म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर. स्ट्रोक 83 मिलिमीटर. कॅल्क्युलेटरवर गुणून बघा, 2112 सीसी येतात. या इंजिनात डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून थंडीत हीटर प्लगशिवाय ते उठत नाही. डिसेंबरच्या पहाटे एकलहऱ्यात सेल्फ नुसता फिरत राहिला तर लगेच पंपवाल्याकडे पळू नका. प्लगची वायर काढा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेलेला. सगळे प्लग ठीक, बॅटरी ठीक, तरी गाडी उठत नसेल, तर कॉम्प्रेशन तपासायचं. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एकच खूप खाली असेल तर हेड उघडावं लागेल. इथून पुढे मात्र लेथवाला आणि अनुभवी मिस्त्री लागतो. हे काम यूट्यूबवर बघून करायचं नाही, असं माझं स्पष्ट मत.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल घेऊन येऊ नका. तो लावायला पोर्टच नाही. ओबीडी आपल्याकडे बीएस-4 च्या काळात आलं. फोनचा खरा उपयोग कॅमेऱ्यात आहे. कोणताही भाग सुटा करण्याआधी तीन बाजूंनी फोटो, आणि नट-बोल्ट झिपच्या पिशवीत घालून पिशवीवर त्याच फोटोचा नंबर. सहा महिन्यांनी जोडताना हाच तुमचा गिट लॉग.

ब्रेक: इथे जुगाड चालत नाही

जुन्या सीजेला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग असतो. एका चाकाचा रबर कप गळला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून सगळे होज, कप आणि मास्टर सिलिंडरचं किट नवीनच टाका, ‘अजून चालेल’ म्हणू नका. दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर जाणकाराकडून बसवून घेता आला तर, मला विचाराल तर, एलईडी बारच्या पैशांत आधी तो घ्या. जोडून झालं की पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी गळती आहे.

दोन गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या आहेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवायची नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायची. आणि रिकामी दिसणारी इंधनाची टाकी घरी कधीच वेल्ड करायची नाही. आतल्या वाफेला एक ठिणगी पुरते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली विटा किंवा फोनच्या उजेडात सापडलेला दगड नको, स्टँड लावा.

वायरिंग: सॉफ्टवेअरवाल्याचा आवडता भाग

बऱ्याच जुन्या डिझेल जीपना इंजिन बंद करायला ओढायची केबल असते. एकदा सुरू झालं की डिझेल इंजिनला विजेची गरज नसते, त्यामुळे सडलेल्या वायरिंगवरही गाडी वर्षानुवर्षं धावते. आणि मग एक दिवस डॅशबोर्डखालून धूर येतो.

हिशेब साधा आहे: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. 120 वॅटचा एलईडी बार 12 व्होल्टवर 10 अँपिअर ओढतो. दोन हेडलाइट 60 वॅटचे, म्हणजे आणखी 10. हा सगळा प्रवाह जुन्या डॅशच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळतो. त्यासाठी रिले. रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा मधला माणूस. स्विच फक्त त्याला हुकूम देतो, खरी वीज बॅटरीतून फ्यूजमार्गे थेट दिव्याला जाते. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या अलीकडची वायर उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नाही.

दिवे मंद वाटतात? दिवा चालू ठेवून बॅटरीच्या अधिक टोकापासून दिव्याच्या अधिक टोकापर्यंत व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वीज वाटेत उष्णता होऊन जातेय. मग अर्थिंगच्या बाजूने तसंच मोजा. जुन्या जीपमध्ये बहुधा दोष इथेच सापडतो: चासीवरच्या अर्थच्या बोल्टखाली रंग किंवा गंज. विंचचं गणित वेगळंच आहे. पूर्ण भाराला ती शेकडो अँपिअर मागते. तिला स्वतंत्र जाड केबल आणि धडधाकट बॅटरी लागते.

टायर आणि उंची

मूळ 6.00-16 टायरचा व्यास साधारण साडेअठ्ठावीस इंच. तिथे 31 इंची टायर टाकला की मीटर 60 दाखवत असताना तुमचा खरा वेग 65 च्या वर असतो. वेग वाढला, टायरचं वजन वाढलं, ब्रेक तोच. त्यात पाटे उंच केले की गाडीचा भारमध्य वर जातो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे नसतील तर गाडी ठरावीक वेगाला थरथरते. इथे फोनमधलं लेव्हल ॲप खरंच कामाचं. फोन आधी ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर, मग शाफ्टवर, मग मागच्या एक्सलच्या फ्लँजवर टेकवा. शाफ्टशी दोन्ही बाजूंचा फरक सारखा यायला हवा.

फोर बाय फोर सुरू झालं की डांबरी रस्त्यावर लावून मिरवायचा मोह होतो. या जीपमध्ये पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर ती घसरत नाहीत, आणि ताण गिअरवर येतो. ते चिखलासाठी आणि वाळूसाठी आहे.

गंज, रंग आणि पेठ रोड

छोट्या भागांचा गंज काढायला प्लास्टिकची बादली, पाणी, धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर पुरतो. गंजलेला भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला. स्टेनलेसची पट्टी अजिबात वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून हे उघड्यावर करा. त्यानंतर रेड ऑक्साइड त्याच दिवशी, नाहीतर रात्रीत पुन्हा तांबूस थर येतो. शेवटचा हात देताना वारा पडलेला बघा. उन्हाळ्यात एकलहऱ्यात दुपारनंतर उडणारी बारीक धूळ ओल्या रंगावर बसली की पॉलिशने जात नाही.

आता आरटीओ. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण. त्यात पर्यावरण कर वेगळा. 2022 पासून 15 वर्षांवरच्या कार-जीपसाठी नूतनीकरणाचं शुल्क 5000 रुपये झालं. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते 10,000 वर गेलं. उशिराच्या प्रत्येक महिन्याला 500 रुपये वेगळे. म्हणजे आरसी सहा वर्षांपूर्वी संपलेली जीप ‘स्वस्तात’ मिळाली, तर 36,000 रुपये नुसते उशिराचे. भाव ठरवताना हे वजा करायला सांगा.

पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपातली जीप असेल तर 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीही मिळते, 20,000 रुपयांत, 10 वर्षांसाठी. पण मग ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल केले असतील तर हा दरवाजा बंद.

पेठ रोडला तपासणीला नेताना विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट तयार ठेवा. काम सुरू करण्याआधी काढलेले चासी नंबरचे फोटो फोनमध्ये असू द्या. निरीक्षक पहिल्यांदा वाकून तोच नंबर शोधतो, आणि तुम्ही नवा रंग नेमका त्याच्यावर मारलेला नसावा.