असुर: एका शब्दाचा अधःपात

देव आणि असुर हीं दोन नांवें आपल्या कानांवर लहानपणापासून जोडीनेंच पडत आलेलीं आहेत. एक पूज्य, दुसरें त्याज्य. असुर हा मायावी, उन्मत्त आणि यज्ञविध्वंसक असावयाचाच, हें आपण इतकें गृहीत धरून चालतों कीं, या शब्दाला पूर्वीं निराळा अर्थ असेल अशी शंकाहि मनाला शिवत नाहीं. परंतु ऋग्वेद उघडून पाहणारास निराळेंच दृश्य दिसतें. तेथें वरुण असुर आहे, अग्नि असुर आहे, सविता असुर आहे; इंद्रासहि हें विशेषण लाविलेलें आढळतें. ‘असु’ म्हणजे प्राण; त्यावरून असुर म्हणजे प्राणवान्, समर्थ, अशी या शब्दाची उपपत्ति सामान्यतः देण्यांत येते.

दहाव्या मंडलांत मात्र रंग पालटूं लागतो, आणि ब्राह्मणग्रंथांत असुर म्हणजे देवांचे कायमचे वैरी, असें समीकरण पक्कें होऊन जातें. पुढें आरंभींचा ‘अ’ नकारवाचक समजून ‘सुर नव्हे तो असुर’ अशी फोड करण्यांत आली, व ऋग्वेदांत देव या अर्थीं नसलेला ‘सुर’ शब्द त्यांतून जन्मास आला. पदच्युत झालेल्याच्या नांवाचा तुकडा मोडून त्याच्या प्रतिस्पर्ध्याचें नांव घडवावें, हा प्रकार भाषेच्या इतिहासांतहि विरळाच.

इराणांत नेमकें उलट घडलें. अवेस्त्यांत ‘अहुर मज्द’ हा परमेश्वर आणि ‘दएव’ हे दुष्ट. त्या दुष्टांत इंद्राचेंहि नांव आहे. आमचे पारशी बंधु आजहि ज्या अहुराची प्रार्थना करितात तो आणि आमचा असुर हा मूळचा एकच शब्द होय. १८५९ ते १८६६ पर्यंत पुण्याच्या कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक असलेले जर्मन पंडित मार्टिन हौग यांनीं या विपर्ययाचें कारण आर्यांच्या दोन शाखांमधील धर्मकलह असें ठरविलें. उपपत्ति मोठी आकर्षक आहे. पण ऋग्वेदाच्या जुन्या भागांत देव आणि असुर हे दोन्ही शब्द एकाच देवतेस आदरानें लागतात. तेव्हां असुरांची निंदा इराणी शाखेशीं फारकत झाल्यावर, याच भूमींत, स्वतंत्रपणें सुरू झाली असें म्हणणें प्राप्त होतें.

मग असुर म्हणजे जिंकलेले अनार्य काय? एकोणिसाव्या शतकापासून हें मत पुष्कळांनीं उचलून धरिलें. परंतु शतपथ ब्राह्मणांत देव आणि असुर दोघेहि प्रजापतीचे पुत्र आहेत. पुराणांत देव आणि दैत्य दोघेहि कश्यपाचे. आणि राक्षसांचा राजा रावण तर पुलस्त्य ऋषीचा नातू. परंपरेनें यांना परके म्हटलेलें नाहीं, भाऊबंद म्हटलें आहे. आमच्या मतें असुर हें मुळीं जातीचें नांव नव्हे. घरच्या भांडणांत हरलेल्या पक्षाचें तें नांव आहे, आणि त्या भांडणाची हकीकत जिंकलेल्यांनीं लिहून ठेविलेली आहे.

तथापि लोकांनीं हा निकाल सर्वस्वी मानिला नाहीं. विरोचनाचा पुत्र बळि वामनाच्या पायाखालीं सुतलांत गेला खरा. पण भागवत त्याच्या दारीं खुद्द विष्णूस पहारा करावयास लावितें, कार्तिकाचा पहिला दिवस त्याच्या नांवानें साजरा होतो, आणि ओणमच्या सणास केरळांतील घरें त्याच्या स्वागतासाठीं सजतात. आमच्या घरच्या बायका दिवाळींत इडापिडा टळण्याबरोबर बळीचेंच राज्य येवो असें मागतात. वामनाचें कोणी मागत नाहीं. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहितांना जोतीराव फुले यांनीं याच बळीस प्रजेचा न्यायी राजा म्हणून पुढें केलें, त्याला या लोकस्मृतीचाच आधार होता.

ग्रंथांनीं पाताळांत लोटलेल्या राजाला ज्या समाजानें वर्षांतून एकदां तरी उंबऱ्याच्या आंत बोलाविलें, त्या समाजाला न्यायबुद्धि शिकविण्याची गरज नाहीं. तिचें स्मरण तेवढें करून द्यावें लागतें. कोणा माणसास वा जमातीस राक्षस म्हणण्यापूर्वीं हें नांव कोणीं ठेविलें आणि केव्हां, एवढें आपण विचारून घेतलें, तरी या एका शब्दाचा इतिहास वाचल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.