जुनी जीप, नाशिक आणि एक शैक्षणिक वर्ष

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा भंगारातली जीप उभी करतो म्हणाला की घरात पहिला प्रश्न येतो तो अभ्यासाचा आणि दुसरा पैशांचा. दोन्ही रास्त आहेत. तरीही नाशिकमध्ये अशा मुलाला सरसकट नाही म्हणू नये. कारण या शहराच्या गेल्या साठ वर्षांत आहे.

जीप युद्धाच्या घाईत जन्मली. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी गाडी हवी होती आणि कार्ल प्रॉब्स्टने तिचे आराखडे काही दिवसांत काढले. वेगळी चॅसी, स्प्रिंगच्या पाट्यांवर पेललेले ॲक्सल, जवळजवळ सरळ पत्रे. १९४५ साली लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी उभी राहिलेली महिंद्र कंपनी पुढे मुंबईत अमेरिकी विलीज कंपनीच्या जीप जोडू लागली. तिचा नाशिकचा कारखाना १९८१चा. तिथूनच २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. एमएम ५४० जीपचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन तर याच जिल्ह्यात, इगतपुरीला बनत असे.

सातपूरला मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, कारखाना आला आणि शहराला इंजिनात डिझेल फवारणारे नोझल कळू लागले. मायको सर्कल हे चौकाचं नाव त्याचीच खूण. नोझलची सुई आणि तिचं घर एकमेकांशी घासून जुळवलेलं असतं. एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही. टेस्टिंगच्या यंत्रावर दांडा दाबला की डिझेल धुक्यासारखं फुटायला हवं, टोकाशी थेंब लोंबता कामा नये. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या डिझेल गाड्या आल्यापासून जुन्या पंप-नोझलचं हे काम कमी होत चाललंय आणि ते जाणणारे फिटरही. शिकायचं तर आत्ताच.

चॅसीचंही तसंच. पाट्यांचे हँगर जिथे जोडलेले असतात तिथे चिखल साचतो आणि गंज आतून पत्रा खातो. वरचा रंग मात्र शाबूत. हातोडीने ठोकत गेलं की एका जागी खणखणीत आवाज बसका होतो. तिथे पुट्टी भरून रंग मारणारा फसवतो. तो भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावा लागतो. हे पुस्तकात वाचून येत नाही.

म्हणून मुलाने जीप घ्यावी, पण वेगळी चॅसी नसलेली, मोनोकॉक बॉडीची जुनी कार पहिल्याच प्रयत्नात घेऊ नये. तिचे वाकवलेले पत्रे आणि न मिळणारे पार्ट दोन वर्षं खातील. परीक्षेच्या महिन्यांत गाडी झाकून ठेवायचं आधीच ठरवावं, आणि घरच्यांनी खर्चाची मर्यादा कागदावर लिहून घ्यावी.

गाडी घेण्याआधी आरसी बुकातला चॅसी नंबर चॅसीवरच्या नंबराशी ताडून पाहायलाच हवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवून मिळते. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचंच हवं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला नाही. एमएम ५४० ऐंशीच्या दशकातली, ती अजून या वयाची झालेली नाही. पण पुढे कधी ही प्लेट हवी असेल तर रुंद टायर आणि दुसरं इंजिन बसवायची हौस याच टप्प्यावर आवरलेली बरी.