पंचवीस पिना आणि एक जुना प्रिंटर

#धागा #इतिहास

दौंड जंक्शनाला दोन मापांच्या रुळांची जुनी ओळख आहे. १८७८ मध्ये येथून मनमाडकडे मार्ग निघाला तो साडेपाच फुटी रुंद मापाचा. १९१४ मध्ये बारामतीची गाडी सुरू झाली ती मात्र अडीच फुटी अरुंद रुळांवर. परिणामी बारामतीचा माल पुढे न्यायचा तर दौंडला उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा भरणे आले. दोन्ही गाड्या ठणठणीत, माल तोच. अडे ते सांध्यापाशी.

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या संगणकाला जोडताना नेमके हेच घडते.

दौंड आणि शिरूर हे उसाचे तालुके. पाटसला भीमा, न्हावऱ्याला घोडगंगा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊसपट्ट्यात वजनाच्या पावतीला मोल असते, कारण ‘काटा मारला’ ही शंका शेतकऱ्याच्या मनातून सहसा जात नाही. पावतीच्या प्रती एकाच ठोक्यात निघाल्या, तर सर्वांवर आकडा एकच राहतो. लेझर प्रिंटर कागदाला ठोका देत नाही. डॉट मॅट्रिक्सच्या सुया शाईच्या फितीवर आदळतात आणि कार्बनखालची प्रतही उमटते. म्हणून ही खडखडणारी यंत्रे वजनकाट्यांवर टिकून राहिली. हा निव्वळ जुनाटपणा नव्हे.

त्यांच्या जोडणीचा उगम १९७० च्या सुमाराचा, अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स कंपनीचा. ही कंपनी वँग लॅबोरेटरीजमधून निघाली. वँगकडे गणकयंत्रांसाठी घेतलेले ३६ पिनांचे सुमारे २०,००० कनेक्टर पडून होते, तेच प्रिंटरला बसवले, असे सांगतात. गरज त्याहून कमी तारांची होती! १९८१ मध्ये आयबीएमने आपल्या पीसीच्या बाजूला २५ पिनांचा कनेक्टर दिला, आणि एका टोकाला २५, दुसऱ्या टोकाला ३६ अशी ती जाडजूड केबल जगभर रूढ झाली.

तिचे काम साधे होते. आठ तारांवर आठ बिट एकदम मांडायचे, ‘स्ट्रोब’ तारेवर इशारा द्यायचा. प्रिंटर ‘बिझी’ म्हणून थांबवतो, अक्षर घेतले की पोच देतो, मग पुढचे अक्षर. १९९६ मध्ये आलेल्या यूएसबीत बिट एकामागून एक धावतात. त्यामुळे बाजारात मिळणाऱ्या यूएसबी-पॅरलल केबलमध्ये एक चिप असते. ती दौंडच्या हमालासारखी, एकेरी रांगेतला माल उतरवून आठ-आठच्या ओळीत भरते.

पण केबल लावल्याने काम संपत नाही. विंडोज त्या प्रिंटरला ‘यूएसबी००१’ या पोर्टवर दाखवते; फॉक्सप्रोच्या काळातला डॉस प्रोग्रॅम मात्र ‘एलपीटी१’ शोधतो आणि कागद कोराच राहतो. त्यावर रूढ तोडगा असा : प्रिंटर नेटवर्कवर शेअर करायचा आणि ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ तिकडे वळवायचा. थेट पोर्टच्या पत्त्यावर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला हा तोडगा चालत नाही. शिवाय ६४-बिट विंडोज डॉसचे प्रोग्रॅम मुळात चालवतच नाही. त्यासाठी डॉसबॉक्ससारखे अनुकरण करणारे सॉफ्टवेअर लागते.

मराठीचा पेच याहून खोल आहे. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) कार्डाच्या रूपात संगणकात बसवले आणि डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटली. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतावली प्रमाण ठरवली. ते कार्ड ज्या आयएसए खाचेत बसे, ती खाच आजच्या संगणकात नाही. म्हणजे प्रिंटर जुळला तरी जुन्या फायलीतील शेतकऱ्याचे नाव निरर्थक चिन्हांत छापले जाण्याचा धोका राहतो. आधी ती अक्षरे इस्कीतून युनिकोडमध्ये आणावी लागतात, आणि हे काम कोणतीही केबल करीत नाही. जुन्या नोंदींच्या बाबतीत खरी निकड याच कामाची आहे. प्रिंटर बदलता येतो, नाव पुसट झाले तर सात-बाऱ्याशी ताळा घेत बसावे लागते.

प्रिंटरच्या कारखानदारांनी मात्र सांधा तोडला नाही. एप्सनच्या एलएक्स-३१० या डॉट मॅट्रिक्स यंत्राच्या पाठीवर यूएसबीच्या शेजारीच तो जुना ३६ पिनांचा कनेक्टरही आहे.