पापलेट

‘सरंगा’ हे सुटसुटीत देशी नाव कोकणपट्टीत शाबूत असताना ‘पापलेट’ या परमुलखातल्या शब्दाने आपल्या पंक्तीत एवढा मान कसा पटकावला, याचे मला नेहमी कुतूहल वाटते. लॅटिनमध्ये ‘पाम्पिनस’ म्हणजे द्राक्षवेलीचा कोवळा धुमारा वा पान. त्यावरून पोर्तुगिजांनी चपट्या, पसरट माशाला ‘पाम्पो’ म्हटले आणि इंग्रजांनी त्याचे आधी ‘पॅम्फ्लेट’ व मागाहून ‘पॉम्फ्रेट’ केले. आपल्या मुखातला ‘ल’ त्या जुन्या रूपाशीच इमान राखून असल्याने, अपभ्रंशाचा ठपका मराठी जिभेवर ठेवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

शास्त्राच्या दप्तरी याची प्रजाती ‘पॅम्पस’: सहज गळणारे बारीक चंदेरी खवले, प्रौढपणी पोटाखालच्या परांचा संपूर्ण अभाव, चिखलाळ तळाच्या उथळ समुद्रात थव्याने संचार, आणि आहारात प्लवंगांसह चक्क जेलीफिश. हलव्याला ‘काळे पापलेट’ म्हणण्याचा प्रघात निव्वळ बाजारी; त्याचे कूळच निराळे.

२०२३ साली महाराष्ट्र सरकारने चंदेरी पापलेटास राज्य मासा जाहीर केले. इंग्रजी भोजनपत्रिकेत तो ‘पॉम्फ्रेट’ असला, तरी खाणावळीच्या फळ्यावर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी पापलेटच आहे.