मज्जा, मगज आणि सुषुम्ना : एका दोरीच्या नावांचा इतिहास

आम्ही हिंगोली जिल्ह्यात मराठी शिकवतो. शरीरशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि एका शब्दाने आम्हांला त्या शास्त्राच्या दारापर्यंत नेले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याच्या पुतण्याला मेंदूज्वराच्या संशयावरून रुग्णालयात दाखल करावे लागले. मणक्यातील पाणी तपासावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगताच घरातील वडीलधारी मंडळी आडवी आली. मज्जारज्जूला सुई लागली तर पोरगे जन्माचे अधू होईल, अशी त्यांची धास्ती होती. संमती मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. सुदैवाने मुलगा बरा झाला. मात्र त्या दिवशी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. 'मज्जारज्जू' हा शब्द तेथील प्रत्येकाला ठाऊक होता. ती वस्तू पाठीत नेमकी कोठे संपते, हे आम्हां पदवीधरांसह कोणालाही सांगता आले नाही.

ती वस्तू प्रथम समजून घेऊ. मेंदूच्या खालच्या टोकापासून निघालेली ही दोरी मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरते. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आणि जाडी साधारण करंगळीएवढी असते. तिच्यावर तीन आवरणे असून त्यांच्यामध्ये मेंदूभोवती असते तेच पाणी खेळत असते. आडवा छेद घेतला तर आत फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग आणि बाहेर पांढरा भाग दिसतो. तिच्यापासून तंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकाच्या ५ आणि माकडहाडाची १. प्रत्येक तंतूला दोन मुळे असतात. मागचे मूळ संवेदना आत आणते, पुढचे हालचालीची आज्ञा बाहेर नेते. हा भेद चार्ल्स बेल (१८११) आणि फ्रान्स्वा माजांदी (१८२२) यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला.

आता त्या दुपारच्या वादाचे उत्तर. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत ही दोरी पाठीच्या पूर्ण लांबीची असते. पुढे हाडे वेगाने वाढतात आणि दोरी मागे पडते. प्रौढ वयात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली उरतो तो घोड्याच्या शेपटीसारखा सुट्या तंतूंचा झुबका आणि पाणी. सुई घालतात ती या खालच्या भागात, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या दरम्यान. तेथे मज्जारज्जू नसतोच.

मग ही धास्ती येते कोठून? तिचा काही भाग नावातच आहे, असे आम्हांला वाटते. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत मज्जा हा सहावा धातू. हाडांच्या पोकळीतील स्निग्ध सार. मणक्यांच्या पोकळीतही मऊ पदार्थ दिसला, तेव्हा त्यालाही मज्जा म्हटले गेले. ही चूक केवळ आपली नव्हे. लॅटिनमधील 'मेडुला' शब्दाचा अर्थ हाडातील मगज असाच आहे, आणि पाठीतील दोरीलाही युरोपातील वैद्य 'मेडुला स्पायनालिस' म्हणत आले. फारसीत 'मग्ज' म्हणजे मेंदू आणि हाडातील सारही. वस्तुतः हाडातील मज्जा रक्तपेशी घडवते, तर पाठीतील दोरी संदेश वाहते. हाडाच्या आत असणे एवढेच दोहोंत साम्य.

मराठवाड्यात या शब्दांचा गुंता आणखी एका पदराने वाढला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शासनाची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१७ मध्ये हैदराबादेत भाषांतर विभाग स्थापन झाला, १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले आणि तेथे वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले गेले. उर्दूत मज्जातंतूंना 'आसाब' म्हणतात आणि त्यांच्या संस्थेला 'आसाबी निजाम'. राज्यकर्ताही निजाम आणि देहातील व्यवस्थाही निजाम! पाठीतील दोरीला नाव आहे 'हराम मग्ज', म्हणजे निषिद्ध मगज. त्या 'मग्ज'चा मराठी अवतार 'मगज' आणि त्यापासून झालेली 'मगजमारी' आपण आजही वापरतो. तो शब्द परका आहे याची आठवणही कोणाला राहिलेली नाही.

याहून जुनी एक परिभाषाही याच मातीत आहे. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे वर्णन येते, त्यामागे नाथपंथाचा देहविचार आहे : मध्ये सुषुम्ना, डावीकडे इडा, उजवीकडे पिंगला. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरा जे नर्सी मानते ते याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. विसोबा खेचरांनी त्यांना गुरूपदेश केला ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यातले, असे परंपरा सांगते. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत. रामकली रागातील एका पदात ते इडा, पिंगला आणि सुषुम्ना या तिन्ही नाड्यांची नावे घेतात. त्याच पदात पुढे त्यांचा निश्चय येतो : गुरूने अडुसष्ट तीर्थे या घटातच दाखवली, आता स्नान तेथेच. नाड्यांची ही भाषा देहाला तीर्थ मानणाऱ्या साधकाची आहे.

आधुनिक काळात मात्र या नाड्यांना शवविच्छेदनाच्या टेबलावर शोधण्याचा मोह अनेकांना झाला. दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात सांगितले आहे, की नदीतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी चिरून पाहिले, ग्रंथांतील चक्रे त्यात सापडली नाहीत आणि त्यांनी ते ग्रंथ फाडून प्रेतासह नदीत सोडले. याउलट मुंबईचे डॉ. वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस असे प्रतिपादन केले. निष्कर्ष परस्परविरोधी असले, तरी दोघांचे गृहीतक एकच होते : शब्द खरा असेल तर सुरीला तो सापडलाच पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकाला हे गृहीतक मान्य होण्यासारखे नाही. सुषुम्ना ही साधनेची वाट आहे. तिला मेरुरज्जू म्हटले की कविताही हरवते आणि शरीरशास्त्रही.

नावांची घडण अद्याप थांबलेली नाही. मागच्या पिढ्या 'ज्ञानतंतू' म्हणत. मराठी विश्वकोशाने 'तंत्रिका तंत्र' स्वीकारले, शालेय पाठ्यपुस्तकांत 'चेतासंस्था' आणि 'मेरुरज्जू' आले, वृत्तपत्रांत 'मज्जासंस्था' टिकून राहिली. बंगालीत 'स्नायु' म्हणजे नस, आपल्याकडे स्नायू म्हणजे मांसपेशी. ग्रीकांच्या 'न्यूरॉन'चाही मूळ अर्थ कंडरा असाच होता. गावात तर रक्तवाहिनीही नस, मज्जातंतूही नस आणि ताणलेली कंडराही नसच. 'मणक्यात नस दबली' असे म्हणणाऱ्या माणसाला दुखते कोठे हे अचूक कळते. कशामुळे दुखते, हे मात्र आपल्या भाषेने त्याला अजून नीट सांगितलेले नाही.

परिभाषेचा प्रश्न आपण बहुधा कोशकारांवर सोडून देतो. त्या रुग्णालयात कोश कोणाजवळ नव्हता. डॉक्टरांनी शेवटी एका कोऱ्या कागदावर पाठ काढली, दोरी जेथे संपते तेथे आडवी रेघ मारली आणि सुईची जागा तिच्या खाली दाखवली. आजोबांनी तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, "म्हणजे दोर वरच सरला?" डॉक्टरांनी होकार दिल्यावर ते सहीला तयार झाले. 'मेरुरज्जू' या शब्दातील रज्जू म्हणजे दोरच. तो अर्थ त्या आजोबांना कळला होता. वर्गात तो शब्द उच्चारताना आम्ही मात्र कधी थांबून सांगितला नव्हता.