मौन आणि संमती

‘मौनं सम्मतिलक्षणम्’ हे वचन आपण सहज, बऱ्याचदा थट्टेनेही वापरतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी रखमाबाईंच्या खटल्याकडे वळावे लागते.

रखमाबाईंचे लग्न ११ व्या वर्षी झाले. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबईत दावा लावला. अजाण वयात, आपल्या संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. पण १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली.

पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने १० वर्षांची मर्यादा १२ वर नेली. टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला. वाद धर्माचा, शास्त्रार्थाचा आणि परक्या सरकारच्या अधिकाराचा झाला. रखमाबाईंनी विचारलेला इच्छेचा प्रश्न बाजूलाच राहिला. ‘संमती’ म्हणजे एक आकडा, हा समज तेव्हापासून रुजला असावा.

आकड्यापलीकडची संमती न्यायालयालाही सहज कळली नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असे मानून दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. ते जुने वचनच जणू निकालपत्रात उतरले! या निकालाविरुद्धच्या आंदोलनातून १९८३ ची दुरुस्ती आली. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येणार नाही, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले ते २०१३ मध्ये. भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे.

आजच्या तरुणांना २०१२ च्या पोक्सो कायद्यातला १८ चा आकडा ठाऊक असतो. पण भीतीने गप्प बसणे, भिडेखातर ‘हो’ म्हणणे, दिलेला होकार मागे घेणे, यांचा अर्थ आकडा सांगत नाही. तो शिकवावा लागतो. आणि महाराष्ट्रात तर २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरच बंदी आली होती.

इथे साहित्याच्या वर्गाला काही करता येईल. नायिकेच्या लाजेत, नकारात, गप्प राहण्यात होकार वाचण्याची सवय आपल्या वाङ्मयाने आणि चित्रपटांनी लावली आहे. तिचे मौन नेमके काय सांगते, हा प्रश्न वर्गात विचारला, तर निदान रखमाबाईंचा प्रश्न पुन्हा ऐकला जाईल.